तेहतीस काजं

शिंपीणबाईंना बोलावणं आलं ते एकाच प्रश्नासाठी. हा झगा तुम्ही शिवलात का? 'हो' म्हणायचं, सही करायची आणि घरी यायचं. चौकशीच्या फादरांनी पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं. बसायला खुर्ची आहे, जिना चढावा लागणार नाही, सोबत कोणाला आणायचं तर आणा, असंही लिहिलं होतं. पत्र सज्जन माणसाचं होतं. बाईंनी ते तीनदा वाचलं, घडी करून शिवणयंत्राच्या खणात बॉबिनच्या डबीखाली ठेवलं, आणि पुढचे चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

झालं होतं ते असं. सदतीस वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता हातात घेतली आणि सगळी चर्च बंद करण्याचा हुकूम काढला. आजूबाजूच्या चर्चना निमूट कुलपं लागली. इथल्या मोठ्या फादरांनी कुलूप लावलं नाही. ते रोज मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करत राहिले आणि शिंपीणबाईंचा नवरा रोज घंटा वाजवत राहिला. दिवे लावणं, फरशी पुसणं, किल्ल्या सांभाळणं हीसुद्धा त्याचीच कामं, पण लोकांच्या कानाला तो घंटेमुळे माहीत, म्हणून सगळे त्याला घंटेवालाच म्हणायचे. एका दुपारी जीप आली. शिपाई परगावचे होते, इथलं कोणीच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. लोकांनी दारं लावून घेतली. थोड्या वेळाने गोळ्या झाडल्याचा आवाज आला, आणि फादर नि घंटेवाला दोघेही गेले.

शिपायांनी चर्चच्या मागच्या भिंतीलगत स्वतःच खड्डा खणला, दोघांना त्यात एकत्र टाकलं, माती लोटली आणि आठ दिवस पहारा बसवला. बायकोलाही चेहरा बघू दिला नाही. पुढे राजवट बदलली. खड्ड्यावर आधी लाकडी क्रूस आला, मग दगड. दगडावर मोठ्या फादरांचं नाव, जन्म, मृत्यू, बायबलातलं एक वचन, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'व त्यांचा घंटेवाला'. नाव घालायला जागा उरली नाही म्हणे. बाईंनी पाथरवटाला तेव्हाच विचारलं होतं, वचन जरा आखूड निवडलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का म्हणून.

आता मोठ्या फादरांना रक्तसाक्षी म्हणून जाहीर करायचं चाललं होतं. श्रद्धेसाठी ज्याने जीव दिला तो रक्तसाक्षी. पण चर्चमध्ये असल्या गोष्टी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून होत नाहीत. चौकशी बसते. साक्षी होतात, शपथा होतात, कागदांच्या चळती लागतात, आणि शेवटी हाडं वर काढून कोणाची कुठली ते ठरवावं लागतं. मग ती पेटीत ठेवायची आणि पेटीवर लाखेची मोहोर करायची. मोठ्या फादरांची पेटी वेदीखाली जाणार होती. लोक तिथे गुडघे टेकणार होते. दुसरी पेटी परत मातीत. फायलीत तिला 'दुसरे अवशेष' म्हटलं होतं, आणि तो शब्द बाईंना सुईसारखा टोचला होता.

एका खड्ड्यातली दोन माणसं वेगळी कशी ओळखायची? दोघांची उंची एकसारखी, वय दोन-चार वर्षांनी पुढेमागे. मोठे फादर अंगाने भरलेले आणि घंटेवाला काटकुळा, पण मांस गेल्यावर हाडं तेवढीच. मात्र एकाच्या अंगावर झगा होता, फादर घालतात तो काळा, पायघोळ. चौकशीच्या फादरांना मग कसलीच शंका उरली नाही. झगा आहे तर तेच फादर. फक्त तो झगा त्या काळचा, त्यांचाच आहे एवढं शिवणारीने सांगितलं, की झालं.

आणि इथेच बाईंचा घास अडकला होता. कारण त्या दिवशी दुपारपर्यंत तो झगा मोठ्या फादरांकडे नव्हताच. तो बाईंच्या घरी होता.

कॉलर झिजली होती, अस्तर फाटलं होतं, म्हणून दुरुस्तीला आलेला. बाईंनी नवं अस्तर घातलं, कॉलर उलटवली, बटणं पुन्हा पक्की केली. झग्याला तेहतीस बटणं, प्रभू तेहतीस वर्षं जगला म्हणून. मोठे फादर जेवणाला नाही म्हणत नसत, त्यामुळे पोटावरची बटणं सारखी उडायची. शेवटी वैतागून बाईंनी नायलॉनचा दोरा वापरला, मासे पकडायच्या गळाला लावतात तसला. "आता पोट फाटेल, बटण सुटणार नाही," असं त्यांनी फादरांच्या तोंडावर सांगितलं होतं.

त्या दुपारी इस्त्री करून झगा तयार झाला तेव्हा घंटेवाला दिव्याच्या तेलाचे दोन डबे घेऊन निघालेला. दोन्ही हात अडकलेले.

"आता हा कुठे धरू? दातात?"

"खांद्यावर टाकते. हातात चुरगळेल, आत्ता इस्त्री केलीय."

बाईंनी झगा त्याच्या खांद्यांवर टाकला, बाह्या दोन्ही बाजूंनी नुसत्या लोंबत. तो दारात वळून म्हणाला, "फादर केलंस की गं मला."

"तोंड बघा आरशात. फादर म्हणे."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. सदतीस वर्षं बाई ते मनात उगाळत होत्या. कधी वाटायचं, झगा पोचला असेल, फादरांनी घातला असेल, आणि शिपाई आले तेव्हा हे नुसते जवळ असतील. कधी वाटायचं, खांद्यावरचं ते काळं कापड बघूनच त्यांना धरलं. परगावचे शिपाई, त्यांना काय कळतंय? झगा दिसला की फादर. म्हणजे इस्त्री मोडू नये म्हणून मी माझा माणूस घालवला. हा दुसरा विचार आला की बाई यंत्र थांबवून बसायच्या, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारीचे गुडघे दुखतात.

त्यांनी हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साक्ष झाली तेव्हा चौकशीच्या फादरांनी विचारलं होतं, नवऱ्याला शेवटचं कधी पाहिलंत? घंटा वाजवायला निघाले तेव्हा, असं त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं. फादरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. एक, तेलाचे दोन डबे चर्चच्या पायरीवर नीट शेजारी शेजारी ठेवलेले सापडले, थेंबही सांडलेला नव्हता. याचं काही सांगता येईल का? बाईंना ते खरंच सांगता येत नव्हतं. दुसरी, समोरच्या न्हाव्याने दाराआडून मोठ्या फादरांचा आवाज ऐकला होता. फादर ओरडत होते, "तो नव्हे, मी! तो नव्हे, मी!" न्हावी तोवर वारला होता, लेखी साक्ष तेवढी मागे राहिली होती. "याचा काही अर्थ लागतो का तुम्हाला?" बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. तो अर्थ त्यांना लख्ख लागला होता.

ज्या खोलीत त्यांना बोलावलं होतं ती त्यांना पाठ होती. वेदीमागची खोली, फादर मिस्साचे कपडे चढवतात ती. मधोमध लांब टेबल, भिंतीला कपड्यांची कपाटं, उंच खिडकी. याच खोलीत पूर्वी रविवारी मिस्सा आटोपली की मोठे फादर पहिल्या काळातल्या रक्तसाक्षींच्या गोष्टी सांगायचे. बाई याच टेबलावर झगे पसरून मापं घ्यायच्या, नवरा मेणबत्त्यांचं मेण खरवडायचा, आणि फादर खुर्चीत रेलून सांगत बसायचे. बाईंना आवडायची ती एक तरणी आई. रिंगणात पिसाळलेली गाय तिच्यावर सोडली होती. ती उडून पडली, उठून बसली, आणि आधी फाटलेला कपडा मांडीवर सारखा केला. मग केसांची पिन मागून घेतली. शोक करत असल्यासारखे मोकळे केस घेऊन तिला मरायचं नव्हतं. "बाई असावी तर अशी," शिंपीणबाई म्हणायच्या. "मरतानासुद्धा गबाळी नाही."

घंटेवाल्याची गोष्ट वेगळी होती. एका धर्मगुरूला मारायला नेत होते. रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, मीही ह्यांच्यातलाच. त्याचंही मुंडकं उडवलं. तो कोण, कुठला, नाव काय, कोणाला ठाऊक नव्हतं. मग लोकांनी त्याला 'भर पडलेला' असं नाव दिलं, आणि आजही त्या नावानेच त्याचा दिवस पाळतात. ही गोष्ट घंटेवाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

"नावसुद्धा विचारलं नाही बघ कोणी," तो घरी जेवताना म्हणायचा.

"तुमचं तरी कोण विचारतंय?" बाई म्हणायच्या आणि ताटात वाढायच्या.

त्या माणसात एक खोड होती. हात कामाला चलाख, घंटेचा दोर हलवताना ताल कधी चुकला नाही, पण स्वतःच्या सदऱ्याची बटणं त्याला जन्मात नीट लावता आली नाहीत. वरचं बटण तो हटकून दुसऱ्या काजात घालायचा. मग खालपर्यंत सगळी एकेक घर सरकलेली, एक टोक वर, एक टोक खाली. शिंपिणीचा नवरा आणि असा ध्यानासारखा रस्त्याने जाणार! रोज सकाळी मुलगी ओरडायची, "आई, बाबांचं एक चुकलं!" मग बाई त्याला दारात धरून खालपासून बटणं काढायच्या आणि पुन्हा लावायच्या, आणि तो हनुवटी वर करून शहाण्या मुलासारखा उभा राहायचा. बाईंना पुढेपुढे शंका यायची, की हा मुद्दाम चुकतो.

आता ती मुलगी पंचेचाळीस वर्षांची होती, शाळेत शिकवत होती. आईला हाताला धरून तिने खोलीत आणलं. "एक सही करायची आणि निघायचं," ती म्हणाली. "जास्त वेळ बघत बसू नकोस."

चौकशीचे फादर उठून उभे राहिले. सडपातळ, चष्मेवाले, पेनाचं टोपण दातांत धरायची सवय असलेले गृहस्थ. शेजारी हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाई, हातमोजे घालून. टेबलावर दोन पांढऱ्या चादरी होत्या आणि चादरींवर दोघे जण. फादरांनी आधी नियम वाचून दाखवला, इथून तिळाएवढं काही उचललं किंवा इथे काही ठेवलं तर चर्चमधून बहिष्कृत केलं जाईल. मग बाईंचा हात बायबलवर ठेवून शपथ दिली. बाईंनी शपथ घेतली आणि टेबलाकडे बघितलं.

त्यांना वाटलं होतं आपण कोसळू. तसं काही झालं नाही. एका चादरीवरच्या उघड्या हाडांकडे त्यांना क्षणभर बघवलं नाही, पण दुसरीकडे कापड होतं, आणि कापड दिसल्यावर त्यांचे डोळे आपोआप कामाला लागले. झगा ठिकठिकाणी विरला होता, मातीच्या रंगाचा झाला होता, पण टेरीवूलचं कापड आणि नायलॉनचा दोरा, दोघांनीही हार मानली नव्हती. कॉलर उलटवलेली होती. टीप बारीक होती, टोकाला दोनदा मागे घेतलेली. अस्तर त्यांनी घातलेलं.

"बाई, हा झगा तुम्ही शिवलात का?"

"हो. माझ्याच हातचा आहे."

"फादरांचाच?"

"त्यांचाच. दुसऱ्या कोणाला एवढा घेर लागत नव्हता."

फादर जरासे हसले आणि लिहू लागले. म्हणजे झालं होतं. एवढ्यासाठीच बोलावलं होतं. मुलीने सहीसाठी पेन पुढे केलं.

पण बाईंची नजर कॉलरवरून खाली निघाली होती. वरचं काज रिकामं होतं. त्यांना वाटलं, बटण तुटलं. मग दिसलं, की बटण तुटलेलं नाही, ते दुसऱ्या काजात आहे. दुसरं तिसऱ्यात होतं. तिसरं चौथ्यात. बाई टेबलाच्या कडेने एकेक पाऊल सरकत गेल्या, छातीवरून पोटावर, पोटावरून गुडघ्यांपर्यंत. सगळी बटणं लावलेली होती, एकही सोडलेलं नव्हतं, आणि सगळी एकेक घर सरकलेली. अगदी खाली, घोट्याजवळ, तेहतिसावं बटण एकटंच उरलं होतं. त्याला काज नव्हतं.

"हात?" बाईंनी विचारलं. "हात कुठे आहेत?"

"बाह्यांत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही. व्यवस्थित घातलेला होता झगा."

बाईंनी टेबलाची कड धरली. झगा त्यांनी खांद्यांवर नुसता टाकला होता. बाह्या रिकाम्या होत्या, बटणं उघडी होती, आणि त्याच्या दोन्ही हातांत डबे होते. म्हणजे त्याने डबे खाली ठेवले. पायरीवर, शेजारी शेजारी, थेंब न सांडता. ज्याला झडप घालून धरतात त्याच्या हातून डबे पडतात. ह्याने जीप येताना पाहिली, डबे ठेवले, बाह्यांत हात घातले आणि बटणं लावायला घेतली. तेहतीस बटणं लावायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस पळू शकतो, झगा काढून फेकू शकतो, मी नुसता घंटेवाला आहे असं सांगू शकतो. हा बटणं लावत राहिला. आणि नेहमीसारखी चुकीची लावली.

मुलगीही बघत होती. तिचा हात तोंडावर गेला होता. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "एक चुकलंय."

"हो."

मुलीने आईचा दंड घट्ट धरला आणि तिला खिडकीपाशी नेलं. "काही बोलू नकोस," ती कानात म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई, ऐक माझं. आयुष्यभर ते कोणाच्या तरी मागे उभे राहिले. दगडावरसुद्धा खाली, बारीक अक्षरांत. आता आपोआप वेदीखाली जातायत, तर जाऊ दे ना. तू खोटं काहीच बोलली नाहीस. त्यांनी विचारलं, तू सांगितलंस. लोक रोज फुलं ठेवतील त्यांच्यापुढे. आपल्याला तेवढं माहीत असलं म्हणजे पुरे."

बाईंच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. खरं सांगायचं तर चांगलं घर करून बसलं होतं. त्याच वेदीची फरशी त्याने वीस वर्षं गुडघ्यांवर बसून पुसली होती. तिथे त्याला झोपू द्यावं, कोणाच्या बापाचं काय जातंय? मग त्यांची नजर दुसऱ्या चादरीकडे गेली. तिथे कापड नव्हतं. सदऱ्याची दोन बटणं आणि पट्ट्याचं बक्कल तेवढं उरलं होतं. त्या बाजूला चिठ्ठी लावलेली होती, 'दुसरे अवशेष'. मोठे फादर बहुधा जेवायला बसले असतील, झग्याशिवाय, सदऱ्यावर. बाहेरचा गलका ऐकून तसेच धावत आले असतील.

"तो नव्हे, मी, असं ओरडत आले ते," बाई म्हणाल्या. "तेव्हा कोणी ऐकलं नाही. दोघांनाही मारलं. आता आपणही ऐकायचं नाही?"

मुलीने दंड सोडला.

बाई टेबलापाशी परत आल्या. "फादर, सही नंतर. अजून सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मला लाज वाटत होती." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अस्तर, इस्त्री, डबे, खांद्यावर टाकलेला झगा, दारातलं बोलणं, रोजची बटणं. फादरांनी पेन खाली ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई वाकून काजं मोजत गेल्या, वरून खाली आणि पुन्हा खालून वर.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एक सरकलंय सगळं."

"शिंपिणीने लावली असती तर चुकली नसती," बाई म्हणाल्या. "मोठ्या फादरांनीही कधी चुकवली नाहीत. असं चुकणारा माणूस मला एकच माहीत आहे."

फादरांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि न्हाव्याच्या साक्षीवर थांबले. समासात त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'ऐकण्यात चूक झाली असावी'. ती ओळ त्यांनी आडवी रेघ मारून खोडली. "चूक माझी होती," ते म्हणाले. "आम्ही समजत होतो की फादरांना धरलं आणि घंटेवाला सोबत गेला. ते उलटं झालं होतं. भर पडली ती फादरांची."

बाईंनी मान हलवली.

"मला नीट लिहून घ्यायचंय," फादर पेन उचलून म्हणाले. "झगा खांद्यावर तुम्ही टाकलात?"

"हो."

"घाला म्हणून सांगितलंत?"

"नाही."

"बटणं लावा म्हणून सांगितलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसांसमोर रडल्या. ओक्साबोक्शी, पदराने तोंड न झाकता, त्या तरण्या आईसारखं सावरून वगैरे काही नाही. फादरांनी उत्तर लिहिलं आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत पुढचा प्रश्न विचारला नाही.

मग त्यांनी घंटेवाल्याचं पूर्ण नाव विचारलं आणि ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या काढून नव्या केल्या. "यांची चौकशी वेगळी करावी लागेल," ते म्हणाले. "वर्षं लागतील. मी तेव्हा असेन असं नाही. तोवर यांना परत मातीतच जावं लागेल, बाई."

"जाऊ देत. पण आता 'दुसरे' म्हणून नकोत."

"नाही. नावानेच."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग त्यांनी ट्रेमधून बोथट टोकाची कात्री उचलली. झगा मोठ्या फादरांचा, तो त्यांच्या पेटीत जायला हवा होता, आणि त्याच्या आतल्या माणसाला मोकळं करायला हवं होतं. "पाठीतून कापून काढते," त्या म्हणाल्या.

"कापता कशाला?" बाई एकदम पुढे झाल्या. "बटणं आहेत ना त्याला."

डॉक्टरीणबाईंनी फादरांकडे बघितलं. फादरांनी होकार दिला. हातमोजे बाईंना मोठे होत होते, मुलीने ते मनगटाशी दुमडून दिले. बाई खाली, घोट्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण बटणं काढताना त्या नेहमी खालूनच सुरुवात करायच्या. बिनकाजाचं बटण आधीच मोकळं होतं. त्याच्या वरचं काढलं. मग त्याच्या वरचं. काही काजं मातीने घट्ट झाली होती, तिथे त्या थांबायच्या, नखाने कडा सैल करायच्या, दोरा ओढायच्या नाहीत. कोणी घाई केली नाही. मुलगी शेजारी उभी राहून सुटलेल्या कडा धरत होती आणि हळू आवाजात मोजत होती. पोटावरची बटणं आली. छातीवरची आली. तिथे कापडाला गोळीची भोकं होती, त्यांच्या कडांवरून बाईंनी बोट फिरवलं आणि त्या पुढे गेल्या.

शेवटचं एक राहिलं. गळ्याजवळचं पहिलं बटण, दुसऱ्या काजात घातलेलं. कॉलर जबड्याखाली दबली होती, बोटं आत जात नव्हती. बाई वाकल्या, आणि रोज सकाळी दारात म्हणायच्या तशाच सुरात म्हणाल्या, "अहो, मान वर करा जरा."